स्वप्नाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं? सातारा-सांगलीच्या चळवळीतल्या ज्येष्ठांना खुले पत्र

आदरणीय ज्येष्ठ साथींनो,

सस्नेह जिंदाबाद.

हे पत्र कुणा एकाला नाही. पाणी परिषदा, धरणग्रस्तांचे ठिय्ये, दुष्काळातले मोर्चे आणि अभ्यास शिबिरं यांत ज्यांनी आयुष्य घातलं, ज्यांच्या शेजारी सतरंजीवर बसून आमच्या पिढीला राजकारण कळलं, त्या सगळ्यांना आहे. मी खानापूर तालुक्यातली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि आता घरांवर सोलर बसवायचं काम करते.

आमच्यातल्या काही पोरापोरींनी सोलरपंक या नावाखाली चित्रं काढायला, गोष्टी लिहायला, आपल्या गावाचे २०५० सालचे नकाशे करायला सुरुवात केली. त्यावर तुमच्याकडून काय काय ऐकायला मिळालं ते इथे लिहिते. 'पोट भरलेल्या देशातल्या पोरांचा खेळ.' 'कंपन्यांना विकायचंय तेच तुम्ही फुकट रंगवून देताय.' 'यात संघर्ष कुठे आहे?' आणि एका मावशींनी विचारलं, 'या चित्रात माझ्या घराचा पत्रा कुठे दिसतो?' हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. पत्राचा बराचसा भाग त्याच्याच मागे गेला आहे.

आधी हे प्रकरण काय ते थोडक्यात सांगते. १९८० च्या दशकात सायबरपंक नावाचा कथाप्रकार आला. त्यातलं भविष्य म्हणजे पावसात भिजणारं, निऑन दिव्यांचं शहर. वर कंपन्यांची सत्ता, खाली यंत्रांना जोडलेली एकटी माणसं. पुढे कितीतरी वर्षं सिनेमात आणि गेममध्ये भविष्य म्हटलं की हेच दिसत राहिलं. २००८ मध्ये एका मालवाहू जहाजाने इंधन वाचवायला पतंगासारखं भलंमोठं शीड लावून अटलांटिक ओलांडला. ते पाहून कुणीतरी प्रश्न केला, की जुनी वाऱ्याची विद्या आणि नवं तंत्रज्ञान असं हातात हात घालून चाललं तर जग कसं दिसेल? तिथून सोलरपंक हे नाव रुळत गेलं. त्याच्या कथांचं पहिलं संकलन २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये, पोर्तुगीज भाषेत निघालं. पोट भरलेल्या देशांचा खेळ म्हणताना एवढं लक्षात घ्या. त्या कथांतलं जग सगळं गोडही नव्हतं. ऊर्जा हिरवी झाली तरी सत्तेची भांडणं त्यात उरलीच होती. चित्रकार मोठ्या संख्येने आले ते २०१४ नंतर. मग रंगीत काचांची सौर तावदानं, वेलींनी झाकलेल्या इमारती, गच्चीवरच्या बागा असं एक रूप ठरून गेलं.

गाभा एवढाच, की ऊर्जा सूर्याची नि वाऱ्याची, यंत्र वस्तीच्या हातात, मोडलं तर दुरुस्त करायचं, सामाईक करता येईल ते सामाईक करायचं. आणि हे होऊ शकतं असं लाज न बाळगता म्हणायचं. आजच्या काळात बंड कुठे असेल तर या शेवटच्या गोष्टीत आहे.

आता तुमचे आक्षेप. ते मला मान्य आहेत आणि त्यांत माझी भरही आहे.

कंपन्या हे स्वप्न उचलतात ही गोष्ट खरी आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका दही कंपनीने अशीच सुंदर, हिरवी, उडत्या यंत्रांची शेती दाखवणारी जाहिरात केली. तिच्यातली चित्रं या चळवळीतल्या लोकांना इतकी आवडली, की कुणीतरी कंपनीची नाममुद्रा पुसून टाकून ती पुन्हा फिरवली. ही घटना मला फार बोलकी वाटते. लोकांना ते जग हवंहवंसं वाटलं होतं, त्यावरचा कंपनीचा शिक्का तेवढा नको होता. बिल्डरांचंही तेच. बाल्कनीत चार झाडं लावली की टॉवर हरित होतो आणि फ्लॅटचा भाव चढतो. त्या टॉवरचं सिमेंट कुठून आलं आणि झाडांना पाणी कोण घालतं, हे चित्रात येत नाही.

पॅनेलचंही सांगते, कारण ते रोज माझ्या हातातून जातं. जगातल्या सौर पॅनेलच्या निर्मितीत, सिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त असल्याचं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवलं. तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या परिस्थितीबद्दल जगभर प्रश्न विचारले जात आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी ही पॅनेलं निकामी होतील तेव्हा काच आणि धातूचा तो ढीग कुणाच्या रानात पडणार, याचा विचार आत्ताच करायला हवा.

पण परदेशात कशाला जायचं? कोयनेची वीज कोळशाची नव्हती. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, महाराष्ट्राच्या उद्योगांना त्याने उजेड दिला, आणि ज्यांची गावं धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांची नातवंडं साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी कोयनानगरला ठिय्या देतात. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार, एकेकाळी आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत गणलेलं. तसंच चाळकेवाडी, तसंच कवठेमहांकाळकडचं ढालगाव. वारा सगळ्यांचा होता, पाती मात्र बाहेरून आली. जमिनी एजंटांमार्फत कशा नि किती स्वस्तात गेल्या, ग्रामपंचायतींना हक्काचा कर मिळवायला किती झगडावं लागलं, हे आम्हाला तुम्हीच सांगितलं. पवनचक्क्यांच्या प्रश्नावर मोर्चे तुम्हीच काढलेत. स्वच्छ वीज म्हणजे आपोआप न्याय, असं मानणाऱ्या कुणालाही मी वनकुसवड्याला घेऊन जाईन.

आणि आता मावशींचा पत्रा.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, म्हणजे तीन किलोवॅटला तीनशे. शिवाय घर नावावर हवं, मीटर नावावर हवं, छत भक्कम हवं. मी गावात शिरते तेव्हा काम कुणाकडे निघतं? पेठेत, बागायतदारांच्या बंगल्यावर, नोकरदारांच्या आरसीसी घरावर. गावाच्या कडेच्या वस्तीत जुना पत्रा असतो, चुलत्यांत न वाटलेलं घर असतं, नाहीतर भाड्याची खोली. तिथे माझं काम पोचत नाही. कृषिपंपांचंही तसंच. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याहून जास्त जमीन असेल तर साडेसात. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के. सवलत चांगली आहे, पण ज्याला जमीनच नाही त्याने काय मागायचं? एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जाताना मला गावाचा जुना नकाशा, जमिनीचा आणि जातीचा, पॅनेलांच्या रांगांतून पुन्हा उमटताना दिसतो.

पंपाबद्दल अजून एक. रात्री दारं धरायला जाणं, अंधारात साप, बिबट्या, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळला की आठ-आठ दिवस वाट, हे ज्यांनी सोसलंय त्यांना दिवसा चालणारा सौरपंप म्हणजे केवढी सुटका, हे मी शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. तरीही एकदा बसला की त्याचं पाणी फुकट. ऊन आहे तोवर मोटर चालू ठेवायला कुणाला काही पडत नाही. खानापूर, आटपाडी, जत, माण, खटावच्या खडकात पाणी किती असतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पाणी कसं वाटायचं हे ठरवल्याशिवाय नुसता सूर्य आणला तर विहिरी लवकर तळ गाठतील.

मग सोलरपंक सोडून द्यायचं का? इथे मी तुमच्यापासून वेगळी होते, आणि त्याचं कारणही तुमच्याकडूनच घेतलेलं आहे.

आपल्या मातीत लोकांनी नेहमी दोन कामं बरोबरीने केली, जुन्या सत्तेशी लढायचं आणि नवं राज्य कसं असेल ते आत्ताच करून दाखवायचं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात १९४३ ते ४६ या काळात इंग्रजांशी टक्कर दिली, आणि त्याच वेळी गावोगावी न्यायनिवाडे केले, सावकारांना वठणीवर आणलं, बिनखर्चाची गांधी लग्नं लावली. हे करून दाखवायला त्यांनी स्वातंत्र्य मिळायची वाट पाहिली नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने रयतेला स्वराज्याची घटना दिली. ती तयार करण्यात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा अभियंता होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनाचे कैदी भिंतीशिवाय, बायकापोरांसह, शेती करत राहणार, ही कल्पना त्या काळी किती लोकांना वेडगळ वाटली असेल! ती वसाहत आजही आहे. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. शिक्षण मिळवायला पैसा नाही? मग कमवा आणि शिका.

आणि बळवडी. हे तर माझ्याच तालुक्यातलं, म्हणून इथे थोडी रेंगाळते. १९८२ चा गिरणी संप झाला, मुंबईहून कामगार गावी परतले, आणि गावात दुष्काळ. येरळेचं पात्र कोरडं. त्या कोरड्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीने तेव्हा विचारलं, की दुष्काळ पडतो कसा? आभाळातून पडतो की कुणी पाडतो? लोक अभ्यासाला बसले. नदी, वाळू, पाऊस, ऊस, सगळ्याचा हिशेब मांडला. मग बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं, की आपल्या नदीतली थोडी वाळू आपणच विकायची आणि त्या पैशातून आपलं धरण आपणच बांधायचं. सरकारशी वाळूच्या हक्कासाठी भांडण झालं. श्रमदान झालं, तांत्रिक जाणकार मदतीला आले, धरण झालं. आणि पाणीवाटपाचा नियम असा, की जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाचा पाण्यात वाटा. जगातल्या कुठल्याही सोलरपंक कथेत मला याहून धाडसी नियम सापडलेला नाही.

त्या धरणाला नाव दिलं बळीराजाचं. हे नाव सहज आलेलं नाही. खटाव तालुक्यातलं कटगुण ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वी बळीला कष्टकऱ्यांच्या न्यायी राज्याची खूण केलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या आया-आज्या दिवाळीला ओवाळताना म्हणत आल्यात, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' पुराणात बळी पाताळात गेला. त्याचं राज्य परत येणार ही आशा मात्र बायकांनी ओवाळणीच्या ताटात जपली. अधिकृत कथेच्या विरोधात, घराघरात, पिढ्यान् पिढ्या जपलेल्या या आशेला दुसरं काय म्हणायचं? कासेगावात राहून समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी जातिविरोधी परंपरेतल्या अशाच स्वप्नांचा माग काढला. संत रविदासांचं बेगमपुरा, दुःख नसलेलं, कर नसलेलं, कुणीही दुय्यम-तिय्यम नसलेलं शहर, त्यांनी आपल्या चळवळींपुढे ठेवलं. तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत. मग आमची पोरं असंच शहर, असंच गाव कागदावर काढतात, तेव्हा ते परकं का वाटावं?

तुमच्यातले काही म्हणतात की आशा ही भूल आहे, तिने लोक शांत बसतात. माझ्या वयाच्या मुलांमध्ये मला उलटं दिसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात आटपाडी-जतला टँकर आणि चारा छावण्या होत्या. एका जिल्ह्यात एका टोकाला महापूर, दुसऱ्या टोकाला तहान. हे पाहत वाढलेली मुलं स्पर्धा परीक्षा देत पुण्यात खोल्यांमध्ये राहतात, सोनं-चांदी गाळण्याच्या, गलाईच्या धंद्यात देशभर पांगतात, आणि फोनवर जगबुडीचे व्हिडिओ बघतात. त्यांना कुणी निराश व्हायला शिकवायची गरज नाही. ती आधीच शांत बसली आहेत, काही होणार नाही या खात्रीने. त्यांच्यातल्या एखादीने कागद पुढे ओढून येरळेत पाणी काढलं, ओढ्याकाठी झाडं काढली, समाजमंदिरावर पॅनेल काढलं, तर तिच्या डोक्यात पहिल्यांदा एक प्रश्न येतो, हे का नाही होत? कोण अडवतंय? तुमच्या शिबिरात यायला तिला याच प्रश्नाची गरज होती.

चित्रात संघर्ष नाही हा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. बाहेरच्या सोलरपंक चित्रांत सातबारा नसतो, जात नसते, मीटर कुणाच्या नावावर ते नसतं. ते आणायचं काम इथल्या माणसांचं आहे, आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. म्हणून काही मागणी घेऊन आले आहे.

मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेखाली गावोगावी सौर प्रकल्पांसाठी जमिनी घेतल्या जात आहेत. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, आणि गायरानंही दिली जात आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे. पण गायरान मोकळं पडलेलं नसतं. तिथे धनगरांची मेंढरं चरतात, भूमिहीन कुटुंबं पोटापुरतं कसतात. ते दहा मिनिटांच्या ग्रामसभेत वाचून दाखवलेल्या ठरावाने जाऊ नये. पॅनेल उंच बसवले तर खाली मेंढरं चरू शकतात, परदेशात असं सर्रास करतात. पण करारात ते लिहून घ्यावं लागतं, आणि लिहून घ्यायला गावात भांडणारं माणूस लागतं. पवनचक्क्यांच्या वेळचा तुमचा अनुभव इथे हवा.

त्याहून पुढचं म्हणजे मालकी. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर वीज उत्पादकांची सहकारी संस्था चालवून दाखवली. पंपाला लागून उरलेली वीज ते ग्रीडला विकतात. वीज विकून पैसा मिळतो म्हटल्यावर गरज नसताना मोटर चालू ठेवायचा मोह कमी होतो. मघाशी मी पाण्याची जी भीती सांगितली तिच्यावर हा एक खरा उपाय आहे. सहकार तर आपल्या दोन जिल्ह्यांच्या रक्तात आहे. शेअर, सभासद, वार्षिक सभा हे शब्द इथे शाळकरी पोराला कळतात. सहकार कसा हातातून निसटतो आणि एका घराची मालमत्ता होतो, हेही तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. म्हणून नियम लिहिताना तुम्ही बसा. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं. छोट्या गावाने एकदिलाने काय होतं ते दाखवलं. आता मोठ्या, जातींत विभागलेल्या, भांडणाऱ्या गावात हे करायचंय, आणि त्यासाठी बळवडीचा नियम विजेला लावायचा. गावच्या सामाईक जागेवर एक मोठा संच, त्यात प्रत्येक कुटुंबाचा सारखा वाटा, तो वाटा घराच्या बिलातून वजा. छत आरसीसी असो की पत्र्याचं. मावशी, तुमचा पत्रा चित्रात असा यायला हवा, असं मला वाटतं.

दुरुस्तीचं काम मी आणि माझ्या मैत्रिणी बघतो. सौरपंपाची पाच वर्षांची देखभाल करारात असते, पण कंट्रोलर बंद पडला की फोन लागत नाही आणि भर हंगामात पीक वाळतं, हे मी बऱ्याच रानांत पाहिलंय. आयटीआय झालेल्या मुली गावागावांत तयार झाल्या तर कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागणार नाही. त्यासाठी जागा, थोडी हत्यारं आणि सुरुवातीला तुमच्यासारख्यांचा शब्द एवढं पुरेल. मुलगी खांबावर, छपरावर चढते म्हणून अजूनही काही घरांत नाकं मुरडतात. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर ती बोलणी थांबतात, हा माझा अनुभव आहे.

येत्या पाणी परिषदेत आम्हाला एक सत्र द्या. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी समन्यायी पाण्याची जी मागणी उभी केली, तिच्या शेजारी समन्यायी विजेची मागणी मांडू द्या. आम्ही पाच गावांचे नकाशे घेऊन येतो: कुठल्या घराचं छत पॅनेल पेलेल, कुठल्याचं नाही, गायरान किती, त्यावर आज कोण चरतं-कसतं, फिडर कुठून येतो, विहिरींना पाणी किती दिवस पुरतं. सोबत पोरांनी काढलेली चित्रंही असतील. तुम्ही बळवडीच्या वेळचे कागद आणा, वाळूचे हिशेब, पाणीवाटपाचे नियम, सरकारशी झालेला पत्रव्यवहार. जे जमलं नाही आणि जे पुढे टिकलं नाही, तेही सांगा. त्याची आम्हाला जास्त गरज आहे. दिवस तुम्ही ठरवा. विट्यात हॉलची सोय आमच्याकडे लागली, सतरंज्या आणि चहाची सुद्धा.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक सोलर फिटर